कृश कीलकाचे बळ : प्रस्तावना

दोन मिलिमीटर व्यासाची व शंभर मिलिमीटर लांबीची, साध्या पोलादाची एक पिन उभी धरून तिच्या माथ्यावर बरोबर अक्षाच्या रेषेत भार वाढवीत नेला, तर ती कोठवर टिकेल, असा प्रश्न एखाद्या मुरलेल्या मिस्त्रीस घातला असता तो प्रथम पोलादाची जात विचारील, आणि ती कळताच पाऊणशे-ऐंशी किलोंचा अंदाज सांगून मोकळा होईल. हा अंदाज अगदीच निराधार म्हणता येत नाही. साधे पोलाद दर चौरस मिलिमीटरास सुमारे २५० न्यूटन प्रतिबलाला हार खाते, पिनेच्या छेदाचे क्षेत्रफळ ३.१४ चौरस मिलिमीटर भरते, आणि या दोहोंचा गुणाकार ७८५ न्यूटन, म्हणजे ऐंशी किलोच होतो. परंतु तीच पिन, तिची दोन्ही टोके जागच्या जागी कलण्यास मोकळी असतील तर, १५५ न्यूटनांवर, म्हणजे सोळा किलोही पुरते भरण्यापूर्वीच, कुशीला वाकते. आणि त्या क्षणी तिच्या धातूतील प्रतिबल पन्नास न्यूटनांपर्यंतही चढलेले नसते. धातूच्या अंगी चार-पंचमांश बळ शिल्लक असताना पिन निकामी व्हावी, या विलक्षण प्रकाराचे विवरण हाच प्रस्तुत पुस्तिकेचा विषय आहे.

असल्या रुक्ष विषयावर मराठीत, आणि तेही उज्जयिनीत बसून, पुस्तिका लिहिण्याची बुद्धी कोणास व्हावी याचे पुण्या-मुंबईच्या वाचकास कदाचित नवल वाटेल. त्यास इतकेच स्मरण द्यावे की राणोजी शिंद्यांनी या शहरी आपले ठाणे केले, त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा शेणवी यांच्या हातून महाकाळेश्वराच्या मंदिराचा जीर्णोद्धार झाला, आणि पुढे १८१० साली दौलतरावांनी राजधानी ग्वाल्हेरीस हलविली तरी दरबाराबरोबर जी गेली नाहीत अशी अनेक मराठी घराणी क्षिप्रेच्या काठीच राहिली, घरात मराठी व बाजारात माळवी बोलत आली. या घराण्यांतील मुलांनी पुढे कारकुनी सोडून कारखाने धरले. विनोद मिल आणि हिरा मिल यांचे भोंगे ऐकत ज्यांचे बालपण गेले अशी माणसे आजही येथे आहेत, जरी ते भोंगे आता बंद पडले आहेत. १९६६ साली येथे सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय निघाले आणि स्तंभाचे गणित फळ्यावर आले. पण फळ्यावरचा स्तंभ हा बहुधा इमारतीचा वा पुलाचा असतो, आणि लेथपाशी उभ्या असलेल्या मनुष्यास अडते ते दीड, दोन, तीन मिलिमीटरच्या पिनेपाशी. ही मधली जागा आजवर रिकामी होती, आणि ती भरण्याचा प्रयत्न ग्रंथकर्त्यांनी केला आहे.

विषयाचा इतिहास थोडक्यात सांगणे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे, आणि ते मला येथे विशेष आनंदाचे वाटते, कारण या इतिहासाचा आरंभ आणि आमच्या वेधशाळेचा आरंभ हे जवळजवळ समकालीन आहेत. सवाई जयसिंहाकडे बादशहाच्या वतीने माळव्याची सुभेदारी होती आणि त्याने दिल्ली, जयपूर, मथुरा व काशी यांच्या जोडीने उज्जयिनीसही चुनेगच्ची यंत्रे उभारली, तो काळ अठराव्या शतकाच्या पूर्वार्धातला. त्याच सुमारास, १७२९ साली, हॉलंडातील मुशेनब्रुक या पंडिताने लाकडाच्या बारीक काठ्या टोकांवर दाबून असे प्रयोगाने दाखविले की त्यांस वाकविणारा भार लांबीच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात उतरतो. लांबी दुप्पट झाली की बळ चौथाईवर येते. जयसिंह १७४३ साली निवर्तला, आणि पुढच्याच वर्षी लेओनार्ड ऑयलर याने स्थितिस्थापक वक्रांवरील आपल्या विवेचनात त्या प्रयोगाचे कारण गणिताने सिद्ध केले. स्तंभांच्या बळावर त्याने पुढे स्वतंत्र निबंधही लिहिला, पण त्याच्या सूत्रास शंभरएक वर्षे कोणी फारसे गिऱ्हाईक मिळाले नाही. कारण त्या काळचे स्तंभ दगडाचे व जाडजूड असत आणि त्यांच्या बाबतीत हे सूत्र लागूच पडत नसे. लोखंड स्वस्त झाले, सांगाडे सडपातळ झाले, आणि मग एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ऑयलरचे दप्तर पुन्हा उघडावे लागले. दाबाखाली वाकणाऱ्या अवयवांकडे दुर्लक्ष केल्याची किंमत किती जबर असू शकते हे १९०७ साली कॅनडातील क्वेबेकच्या अर्धवट पुलाने दाखवून दिले; त्याच्या दाबाखालील अवयवांनी दगा दिला आणि ७५ माणसे नदीत गेली. पिनेच्या अपघातात असे काही होत नाही, एवढ्याचसाठी पिनेचे गणित कोणी करीत नसावे.

ऑयलरचे सूत्र शब्दांत मांडावयाचे तर असे: पायचा वर्ग, धातूचा स्थितिस्थापकता-गुणांक आणि छेदाचे जडत्व-परिबल या तिघांचा गुणाकार करावा, त्यास लांबीच्या वर्गाने भागावे, म्हणजे निर्णायक भार निघतो. या तिघांपैकी पाय हा कोणाच्या हातचा नाही. गोल पिनेचे जडत्व-परिबल व्यासाच्या चतुर्थ घाताने वाढते, म्हणून दोनाऐवजी तीन मिलिमीटरची पिन घेतली की बळ दीडपट न होता पाचपटीहूनही थोडे अधिक होते. राहिला स्थितिस्थापकता-गुणांक, आणि आमच्या कारागीर बंधूंची सर्वांत मोठी समजूत येथेच अडखळते. पिन वाकली की तिला कठीण पोलादाची करावयाची, पाणी देऊन आणखी कठीण करावयाची, ही पिढीजात तोड आहे. परंतु स्थितिस्थापकता-गुणांक साध्या पोलादाचा व पाणी दिलेल्या पोलादाचा जवळपास एकच, चौरस मिलिमीटरास दोन लक्ष न्यूटनांच्या आसपास, असतो. पाणी दिल्याने पोलादाची हार खाण्याची सीमा वर जाते, ताठरपणा मात्र तेवढाच राहतो. म्हणून जी लांब सडपातळ पिन सोळा किलोंवर वाकत होती ती महागड्या हत्यारी पोलादाची केली तरी सोळाच किलोंवर वाकेल. तिच्यावर खर्च केलेला पैसा पूर्णपणे पाण्यात गेला, असेही म्हणता येत नाही, कारण भार काढताच कठीण पिन पुन्हा सरळ होईल आणि मऊ पिन वाकडी ती वाकडीच राहील. पण मिस्त्रीस जे हवे होते ते मिळाले नाही एवढे खरे.

आता टोकांविषयी. वर सांगितलेला १५५ न्यूटनांचा आकडा दोन्ही टोके मोकळी कलणारी धरून आहे. तीच पिन दोन्ही टोकांस घट्ट, हलू वा कलू न देता, पकडली तर निर्णायक भार चौपट, म्हणजे ६२० न्यूटन होतो. आणि एक टोक घट्ट धरून दुसरे अधांतरी सोडले तर तो चौथाई, म्हणजे ३९ न्यूटन, चार किलोही नाही. एकच पिन, एकच धातू, एकच लांबी, आणि केवळ धरण्याच्या रीतीने सोळापटींचा फरक. पाठ्यपुस्तकांत या चार-पाच स्थितींची कोष्टके असतात आणि विद्यार्थी त्यांतून हवा तो गुणक उचलतात; माझ्या मते दोन्ही टोके घट्ट असल्याचा रकाना विद्यार्थ्यांच्या पुस्तकांतून खोडून टाकावा. प्रत्यक्षात चकमध्ये आवळलेली, छिद्रात ठोकून बसविलेली वा झाळलेली दोन मिलिमीटरची पिन गणितातल्याइतकी घट्ट कधीच नसते. छिद्राच्या ओठाशी ती थोडी कलतेच, आणि त्या थोड्या कलण्याने चौपटीचे तिप्पट वा अडीचपट होऊन जाते. ग्रंथकर्त्यांनी हा रकाना ठेवला आहे व खाली बारीक टाइपात एक सूचना छापली आहे. आमचा हा मतभेद मिटलेला नाही.

पुस्तिकेचे हृदय मात्र वाकडेपणाच्या प्रकरणात आहे, आणि तेथे थोडे रेंगाळले पाहिजे. ऑयलरची पिन आदर्श पिन आहे. ती निर्णायक भारापर्यंत सुतासारखी सरळ राहते आणि त्या भाराला एकाएकी वाकते. बाजारात मिळणारी पिन जन्मतःच किंचित बाकदार असते. तिच्यावर भार येताच तो भार त्या बाकाच्या अंतराने तिला वाकवू लागतो, बाक वाढला की अंतर वाढते, अंतर वाढले की वाकविणारे परिबल वाढते, आणि हे चक्र भार निर्णायक मर्यादेजवळ येईल तसे तीव्र होत जाते. हिशेब सोपा आहे: भार निर्णायक भाराच्या निम्मा असेल तर मूळ बाक दुप्पट होतो, तीन-चतुर्थांश असेल तर चौपट, नऊ-दशांश असेल तर दसपट. आपलीच पिन घेऊ आणि तिच्या मध्यावर ०.१ मिलिमीटरचा, म्हणजे जेमतेम केसाएवढा, बाक मूळचाच आहे असे धरू. ७७.५ न्यूटन भाराला तो ०.२ मिलिमीटर होतो; त्यामुळे निर्माण होणारे वाकण्याचे प्रतिबल सुमारे २० आणि सरळ दाबाचे सुमारे २५, मिळून ४५ न्यूटनांच्या आत राहते, आणि पिनेस काही झाल्याचे कोणाच्या लक्षातही येत नाही. भार १३९.५ न्यूटनांवर नेला, म्हणजे दुपटीहूनही कमी वाढविला, की बाक पुरा एक मिलिमीटर होतो, वाकण्याचे प्रतिबल १७८ वर व एकूण प्रतिबल २२२ वर चढते. भार १.८ पट झाला आणि प्रतिबल पाचपट. पुढे दोन-अडीच न्यूटनांची भर पडते न पडते तोच, १४२ चा आकडा गाठण्यापूर्वीच, पिनेच्या आतील कुशीचा धातू २५० ची सीमा ओलांडतो आणि पिन कायमची वाकडी होते. म्हणजे ऑयलरने कबूल केलेले १५५ न्यूटनही तिच्या पदरी पडत नाहीत.

या उदाहरणावरून वाचकाच्या ध्यानी येईल की बारीक पिनेच्या बाबतीत भार आणि प्रतिबल यांचे प्रमाण सरळ रेषेत चालत नाही. निम्म्या भाराला कसोटी घेऊन दुपटीचा निर्वाळा देण्याची जी सरसकट वहिवाट आहे ती दोरीच्या वा साखळीच्या बाबतीत ठीक; उभ्या पिनेच्या बाबतीत ती फसवणूक ठरते. वाकडेपणा मोजण्याची रीत ग्रंथकर्त्यांनी फार सुबोध रीतीने दिली आहे. सरफेस प्लेट नसेल तर जाड काचेच्या सपाट तुकड्यावर पिन हलक्या बोटाने लोळवावी आणि डोळा काचेच्या पातळीला आणून पिनेखालची फट उजेडाकडे धरून पाहावी. सरळ पिनेखाली उजेड दिसतच नाही, बाकदार पिनेखाली तो प्रत्येक फेऱ्यास एकदा उघडतो व एकदा मिटतो. ज्याची नजर सरावली आहे त्यास केसाच्या निम्म्याएवढी फटही यात कळते. संख्या हवी असेल तर व्ही-ब्लॉकवर पिन ठेवून डायल लावावा. वाकडी पिन हातोडीने ठोकून सरळ करण्याविरुद्ध ग्रंथकर्त्यांनी जी ताकीद दिली आहे तिला माझे पूर्ण अनुमोदन आहे, कारण अशी पिन दिसायला सरळ होते, पण तिच्या पोटात ठोकण्याचे प्रतिबल दडून राहते आणि पुढच्या भारात ते तिच्याविरुद्ध साक्ष देते.

सरळपणाविषयी लिहीत असता उज्जयिनीच्या माणसास वेधशाळा आठवल्यावाचून राहणार नाही. जयसिंहाची यंत्रे काळाच्या ओघात मोडकळीस आली होती. १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या हुकुमाने त्यांची दुरुस्ती झाली, आणि गोविंद सदाशिव आपटे हे महाराष्ट्रीय ज्योतिषी वेधशाळेचे पहिले अधीक्षक झाले. क्षितिजाला समांतर अशा वर्तुळाकार चौथऱ्याच्या मध्यावर उभा असलेला तेथील शंकू त्यांच्याच देखरेखीखाली झाला. या शंकूवर काही भार नाही, स्वतःच्या वजनाखेरीज त्यास काही सोसावयाचे नाही, आणि म्हणून ऑयलरच्या सूत्राशी त्याचा संबंध जोडणे ही ओढाताण होईल, हे मी आधीच कबूल करतो. परंतु सरळपणाची जी निकड पिनेस बळासाठी आहे तीच शंकूस सत्यासाठी आहे. सूर्याचे किरण समांतर असल्यामुळे शंकूचे टोक आडवे जितके सरकेल बरोबर तितकेच त्याच्या छायेचे टोक चौथऱ्यावर सरकते. शंकूच्या माथ्यात एक मिलिमीटर बाक असला की प्रत्येक वेधात तो मिलिमीटर उतरतो, आणि दिवसाचे कितीही वेध घेऊन सरासरी काढली तरी तो जात नाही. उज्जयिनीचे अक्षांश २३ अंश ११ कलांच्या जवळपास आहेत, कर्कवृत्त येथून हाकेच्या अंतरावर आहे. २१ जूनच्या मध्यान्ही सूर्य येथे खस्वस्तिकाच्या जेमतेम पाव अंश उत्तरेस असतो. एक मीटर उंचीच्या शंकूची छाया त्या वेळी दक्षिणेस केवळ साडेचार मिलिमीटरांच्या आसपास पडते, म्हणजे शंकूच्या स्वतःच्या जाडीतच ती लपून जाते. सरळ व ओळंब्यात उभा असलेला शंकू त्या मध्यान्ही आपली छाया पायाशी झाकून ठेवतो, वाकडा असला तर त्याची छाया एका बाजूस बाहेर डोकावते. वर्षाकाठी येणारी ही परीक्षा फुकटची असून तिला डायल लागत नाही. वेधशाळेत त्या दिवशी गर्दी करणाऱ्यांस छाया नाहीशी झाल्याचे कौतुक असते. माझ्यासारख्यास तो कीलकाचा निकाल वाटतो.

भाराखालच्या पिनेचे खरे घर म्हणजे पंचाचा डाय. पत्र्यात छिद्र पाडणारा पंच ही उभ्या भाराखालची पिनच होय, आणि तिच्यावरचा भार छिद्राच्या परिघास पत्र्याच्या जाडीने व पत्र्याच्या कातरबळाने गुणून निघतो. एक मिलिमीटर जाडीच्या, ३०० न्यूटन कातरबळाच्या पत्र्यात दोन मिलिमीटरचे छिद्र पाडावयाचे तर १८८५ न्यूटन लागतात, म्हणजे १९० किलोंहूनही अधिक, आणि पंचाच्या अंगात चौरस मिलिमीटरास ६०० न्यूटन प्रतिबल येते. साधे पोलाद येथे उभेच राहत नाही. पाणी दिलेल्या पोलादाचा उपयोग तो येथे. परंतु पंचाचे खालचे टोक अधांतरी असेल, तर एवढ्या भाराखाली त्याची बाहेर निघालेली लांबी १४ मिलिमीटरांपलीकडे गेली की तो वाकणार, मग पोलाद कोणतेही असो. आणि पंचाच्या टोकाजवळ नीट बसणारी गाइड प्लेट दिली की हीच मर्यादा ४१ मिलिमीटरांपर्यंत वाढते. या मर्यादा कडेलोटाच्या आहेत, वापरावयाच्या नव्हेत. वापरावयाची लांबी त्यांहून बरीच आखूड ठेवावी. पत्र्याच्या जाडीहून लहान छिद्र पंचाने पाडू नये, हा जो कारखान्यांतला जुना दंडक आहे त्याचे मूळही या हिशेबात सापडते: पंचातील प्रतिबल हे पत्र्याच्या कातरबळाच्या चौपटीस जाडी व व्यास यांच्या गुणोत्तराने गुणून येते, म्हणून व्यास जाडीएवढा होताच ते १२०० न्यूटनांवर जाते, आणि व्यास जाडीच्या निम्मा केला तर २४०० वर, जेथे उत्तमातले उत्तम हत्यारी पोलादही हात टेकते. हा दंडक शिष्यांनी गुरूकडून कारण न विचारता घेतला होता. आता कारणही घ्यावे.

सडपातळही नव्हेत आणि ठेंगण्याही नव्हेत अशा मधल्या पिनांसाठी रँकिनचे, जॉन्सनचे आणि पेरी-रॉबर्टसनचे अशी निरनिराळी सूत्रे आहेत आणि ग्रंथकर्त्यांनी त्यांचा तपशील परिशिष्टात दिला आहे. जॉन्सनची अन्वस्त-रेषा पिनांच्या कामास सर्वांत सोयीची पडते असे माझे मत आहे. पिनेची कृशता, म्हणजे गोल पिनेच्या बाबतीत लांबीची चौपट भागिले व्यास, ही साध्या पोलादास सुमारे १२५ च्या वर असेल तर ऑयलरकडे जावे, खाली असेल तर जॉन्सनकडे; पाणी दिलेल्या पोलादास हीच सीमा ४५ च्या आसपास येते. आमच्या शंभर मिलिमीटरच्या पिनेची कृशता २०० आहे, म्हणून तिच्या बाबतीत शंकेस जागा नव्हती. लांबीच्या जागी टोकांच्या स्थितीप्रमाणे बदललेली लांबी घालावयाची हे मात्र विसरू नये. परीक्षेत विद्यार्थी आणि कारखान्यात अभियंते एकाच ठिकाणी चुकतात ते हेच.

पुस्तिकेची भाषा काही ठिकाणी अधिक सोपी करता आली असती, आणि आकृत्या मोठ्या हव्या होत्या. दुसऱ्या आवृत्तीत ही उणीव भरून निघेल अशी आशा आहे. वाचकांस माझी विनंती आहे की त्यांनी पहिली दोन प्रकरणे तूर्त बाजूस ठेवून वाकडेपणाच्या प्रकरणापासून आरंभ करावा, आणि ते वाचण्यापूर्वी सायकलच्या चाकाची दोन मिलिमीटर जाडीची एक तार मिळवून तिचा आटे व वाकडे डोके वगळून दोनशे मिलिमीटरांचा सरळ तुकडा कापावा, त्याची दोन्ही टोके कानशीने गोलसर करावीत, डोळ्यांवर चष्मा चढवावा, आणि स्वयंपाकघरातील काट्यावर तो उभा धरून वरून सपाट लाकडी ठोकळ्याने हळूहळू दाबावे. तार वाकू लागेल तेव्हा काटा चार किलोंच्या आसपास असावा. पुष्कळच कमी दाखवीत असेल तर तार मुळात वाकडी होती, आणि पुष्कळ जास्त दाखवीत असेल तर टोके मोकळी नव्हती.